मेंटोन, टेक्सस: २२ लोकांच्या काउंटी सीटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पश्चिम टेक्ससमध्ये मिडलँडला राहतो आणि कामानिमित्त लव्हिंग काउंटीत जात असतो. तिथला एखादा फोटो टाकला की पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे ओळखीचे लोक विचारू लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काउंटी सीट म्हणजे काय? आपल्याकडचं जिल्ह्याचं ठिकाण की तालुक्याचं?

काम जिल्ह्याच्या ठिकाणाचं, आवाका बहुतेक वेळा तालुक्याएवढा. अमेरिकेत राज्याच्या खालचा प्रशासकीय भाग म्हणजे काउंटी. तिचं कोर्ट, जमिनीची दप्तरं, शेरीफचं (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं) ऑफिस, करवसुली हे सगळं ज्या गावात असतं ते काउंटी सीट. टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीची सीट आहे तिथे ४७ लाखांहून जास्त लोक राहतात. मेंटोन ज्या लव्हिंग काउंटीची सीट आहे तिथे १०० सुद्धा नाहीत. कायद्यापुढे दोन्हींचा दर्जा एकच.

मोठा फरक असा की आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि तहसीलदार सरकार नेमतं, इथे काउंटीची जवळपास सगळी महत्त्वाची पदं मतदानानं भरतात. पुढचे बरेच प्रश्न यातूनच निघतात.

२. मेंटोन नेमकं आहे कुठे आणि दिसतं कसं?

ओडेसा शहराच्या पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटरवर, स्टेट हायवे ३०२ वर, पेकोस नदीजवळ. नदीपलीकडे रीव्ह्ज काउंटी लागते, उत्तरेला न्यू मेक्सिको राज्य. पाऊस वर्षाला जेमतेम २५-३० सेंटीमीटर. सपाट माळ, त्यावर मेस्किटची झुडपं. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलंच हे झाड, काटेही तसेच लागतात.

गावाच्या मध्यभागी १९३५ सालचं दोन मजली विटांचं कोर्टहाऊस आहे. आजूबाजूला पोस्ट, काही घरं, ट्रेलर, तेलकंपन्यांची आवारं आणि एक जुनं लाकडी चर्च. हे चर्च १९१० साली पोर्टरव्हिल नावाच्या दुसऱ्या वस्तीत बांधलं गेलं होतं. ती वस्ती उठली तेव्हा इमारत मेंटोनला आणली. माणसं गेली की लाकूड, पत्रा, इमारत जे हलवता येईल ते हलवायचं, ही या भागाची जुनी रीत आहे.

३. लोकसंख्या किती? कुठे २२ लिहिलेलं असतं, कुठे ६४.

दोन्ही आकडे २०२० च्या जनगणनेचे आहेत. २२ मेंटोन गावाचे, ६४ संपूर्ण लव्हिंग काउंटीचे. २०१० मध्ये हेच आकडे १९ आणि ८२ होते. म्हणजे दहा वर्षांत गाव तिघांनी वाढलं आणि काउंटी १८ जणांनी घटली.

काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर आहे. गोव्याच्या निम्म्याला थोडं कमी, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण एक-तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा होता, तरी तिथे साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती. लव्हिंग काउंटीत एका माणसाच्या वाट्याला २७ चौरस किलोमीटर जमीन येते.

४. पूर्वी तिथे जास्त वस्ती होती का?

होती, पण फार नाही. काउंटीचे जनगणनेतले आकडे असे: १८९० मध्ये ३, १९०० मध्ये ३३, १९१० मध्ये २४९, १९२० मध्ये ८२, १९३० मध्ये १९५, १९४० मध्ये २८५. हा सर्वांत मोठा आकडा. मग १९५० मध्ये २२७, १९६० मध्ये २२६, १९७० मध्ये १६४, १९८० मध्ये ९१, १९९० मध्ये १०७ आणि २००० मध्ये ६७.

पहिली चढ शेती आणि गुरांच्या आशेवर आलेल्यांची. दुष्काळानं ती मोडली. दुसरी चढ १९२० च्या दशकात तेल लागल्यानंतरची. तेलावर जगणाऱ्या गावात विहिरी खोदताना माणसं लागतात, खोदून झाल्यावर त्यातली थोडीच उरतात. म्हणून १९४० नंतर तेल निघत राहिलं तरी वस्ती घटत गेली. २०१० नंतर आडव्या ड्रिलिंगमुळे आणि फ्रॅकिंगमुळे (दाबानं खडक फोडून तेल काढण्यामुळे) इथे पूर्वी कधी नव्हती एवढी उलाढाल झाली, आणि त्याच दशकात काउंटीची लोकसंख्या ८२ वरून ६४ झाली. हे कोडं सहाव्या प्रश्नात सुटतं.

५. ही काउंटी एकदा बंद केली होती, हे खरं आहे?

खरं आहे. टेक्ससमध्ये कारभार सुरू होऊन मोडलेली आणि पुन्हा उभी राहिलेली ही एकमेव काउंटी.

१८८७ साली ती कागदावर आखली गेली. १८९३ मध्ये डेन्व्हरहून आलेल्या काही जणांनी कालवा काढून जमिनी भिजवायची कंपनी काढली आणि काउंटीचा कारभार सुरू करण्यासाठी अर्ज केला. त्यावर १५० मतदारांच्या सह्या होत्या. तीनच वर्षांपूर्वीच्या जनगणनेत इथे ३ माणसं सापडली होती, हे लक्षात घेतलं तर त्या सह्यांची किंमत कळते. तरी मान्यता मिळाली, निवडणूक झाली, पदाधिकारी बसले. मग पेकोस नदीला पूर आला, कालव्याचं काम वाहून गेलं आणि मंडळी पांगली. १८९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं काउंटी मोडून रीव्ह्ज काउंटीला जोडली.

तेल लागल्यावर १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. सीट म्हणून जे गाव निवडलं ते तोवर रॅम्झी या नावानं आखलेलं होतं. त्याला १८९३ च्या वस्तीचं मेंटोन हे नाव दिलं. आजचं मेंटोन ते हे.

लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती गंभीर वाटते. इथल्या माणसांच्या संख्येवर पहिल्या दिवसापासून कुणीतरी डाव मांडत आलं आहे, आणि तो सिलसिला संपलेला नाही (प्र. ८ आणि १३).

६. तिथल्या रस्त्यावर तर ट्रकच्या रांगा दिसतात. मग माणसं २२ कशी?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि मेंटोन समजून घ्यायचं तर याचं उत्तर नीट वाचावं.

पहाटे पाचला ३०२ वर उभं राहा. वाळूचे ट्रक, पाण्याचे टँकर, पिकअप गाड्यांची रांग तुटत नाही. बाजूला जळणारे फ्लेअर (जादा वायूच्या ज्वाळा), त्यांच्या उजेडात पंपजॅकची, म्हणजे तेल उपसणाऱ्या पंपाची, मान वरखाली होत असते. कच्च्या रस्त्यांवर कॅलिची, म्हणजे पांढरट चुनखडीचा मुरूम, पसरलेली असते, तिचा धुरळा सकाळभर खाली बसत नाही. शिफ्ट बदलताना मेंटोनच्या एकमेव चौकात गाडी वळवायला थांबावं लागतं. ही माणसं तिथे काम करतात, जेवतात, ‘मॅन कॅम्प’ म्हणतात त्या तात्पुरत्या वसाहतींत झोपतात. साधारण दोन आठवडे काम, एक आठवडा घरी, असा त्यांचा क्रम.

पण अमेरिकेची जनगणना माणसाला त्याच्या ‘नेहमीच्या राहण्याच्या जागी’ मोजते. वर्षाचा जास्त काळ जिथे राहतो-झोपतो ती जागा, आणि ठरलेला दिवस १ एप्रिल. कामापुरते कॅम्पमध्ये राहणारे बहुतेक जण आपला पत्ता लबक, सॅन अँटोनिओ, लुइझियाना असा देतात, कारण बायकापोरं तिथे असतात. ते तिकडे मोजले जातात.

म्हणून २२ चा आकडा चुकीचा नाही, पण तो ‘तिथे किती माणसं आहेत’ याचं उत्तर देत नाही. मेंटोनला आपलं घर म्हणणारे किती, एवढंच तो सांगतो. रस्ते खराब होतात, अपघात होतात, रुग्णवाहिका लागते ती मात्र तिथे असलेल्या सगळ्यांसाठी. करोनाच्या वेळी हे ठळक दिसलं. २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत लव्हिंग काउंटीत एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. मुख्य भूमीवर इतका उशीर दुसऱ्या कुठल्याच काउंटीला लागला नाही. कारण कामगार आजारी पडला तरी रुग्ण ज्याच्या-त्याच्या घरच्या काउंटीच्या खात्यावर पडत होता. त्या काळात ‘करोनामुक्त काउंटी’ अशा बातम्या आल्या. रोज ये-जा करणाऱ्या कामगारांना त्या वाचून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

७. आपल्या जनगणनेत हे कामगार कुठे मोजले गेले असते?

आपल्याकडे २०११ मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. नियम असा की त्या काळात माणूस एखादा दिवस जरी घरी असला तरी घरी मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचा.

मराठवाड्यातले ऊसतोड कामगार आठवा. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बीडहून निघतात आणि हंगाम संपेपर्यंत कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर कोपीत राहतात. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. म्हणजे या नियमानं त्यांची मोजणी फडावर व्हायला हवी, गावात नव्हे. मेंटोनच्या तेलकामगारांचं उलट: ते कामाच्या जागी असूनही घरी मोजले जातात. दोन्ही पद्धतींत एक बाजू उपाशी राहते. ऊसतोडीच्या गावाचा आकडा पडतो, तेलाच्या गावाचा वाढत नाही. आकड्यावर शाळा, निधी आणि मतदारसंघ ठरतात, तेव्हा हा प्रश्न अभ्यासकांपुरता राहत नाही.

८. २०२० मध्ये लोक ६४ आणि मतं ६६. हा घोटाळा नाही का?

आकडे खरे आहेत. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प यांना ६०, बायडन यांना ४ आणि इतरांना २ मतं पडली. ६४ मध्ये लहान मुलंही आली, म्हणजे तफावत दिसते त्याहून मोठी.

पण तफावत म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. जनगणना तुम्ही प्रत्यक्ष कुठे राहता ते विचारते. टेक्ससचा निवडणूक कायदा तुमचं कायमचं घर कुठलं, म्हणजे तात्पुरतं बाहेर गेल्यावर परत यायचा इरादा कुठे आहे, ते विचारतो. वडिलोपार्जित रँच (गुरं पाळायची जमीन) लव्हिंगमध्ये, नोकरी आणि मुलांची शाळा शंभर किलोमीटरवर, अशी घरं इथे आहेत. चाकरमानी मुंबईत राहतो आणि मत गावी देतो, यात कोकणातल्या वाचकाला काही नवीन वाटणार नाही.

मात्र इरादा कागदावर मोजता येत नाही, आणि इथे चार-दोन मतांनी निकाल फिरतो. त्यामुळे ‘अमका इथला मतदारच नाही’ हे वाद स्थानिक निवडणुकांनंतर कोर्टात गेले आहेत. २०२१ मध्ये राज्यानं कायदा कडक केला: विशिष्ट निवडणुकीच्या निकालावर परिणाम करण्यासाठी म्हणून वास्तव्य दाखवता येणार नाही. माझं मत विचाराल तर, घराशी पिढ्यांचं नातं असलेल्याला मत असावं आणि फक्त मतापुरता पत्ता लावणाऱ्याला नसावं. ही रेषा काढायची कोर्टानं, बातमीच्या मथळ्यानं नाही.

९. इतक्या कमी लोकांसाठी पूर्ण सरकार कशाला? ते चालवतं कोण?

टेक्ससची राज्यघटना काउंटी लहान की मोठी हे पाहून सूट देत नाही. प्रत्येक काउंटीला एक काउंटी जज (नाव जज, पण काउंटीच्या कारभाराचा प्रमुख) आणि चार कमिशनर, शिवाय शेरीफ, क्लार्क, ट्रेझरर, जस्टिस ऑफ द पीस (किरकोळ खटल्यांचा न्यायाधीश) वगैरे. लहान काउंट्यांना काही पदं एकत्र करायची मुभा आहे. ८,००० पेक्षा कमी वस्तीला काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क एकच चालतो. तरीही ६४ माणसांतून चार प्रभागांचे चार कमिशनर निवडायचेच. एकाच घराण्यातली माणसं अनेक पदांवर दिसतात, कारण माणसंच तेवढी आहेत.

या इतिहासातलं एक नाव सांगायलाच हवं. १९४५ साली एडना रीड क्लेटन ड्यूईज इथल्या शेरीफ झाल्या. टेक्ससमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला शेरीफ. त्या बंदूक बाळगत नसत आणि त्यांच्या कारकिर्दीत दोनच अटका झाल्या असं नोंदलेलं आहे.

१०. मेंटोनला महापौर आहे का?

नाही. मेंटोन नगर म्हणून नोंदलेलंच नाही, त्यामुळे नगरपालिका नाही, महापौर नाही, गावाचा वेगळा करही नाही. सगळं काउंटी पाहते. गावाची हद्दसुद्धा जनगणनेच्या सोयीसाठी जनगणना खात्यानं आखलेली आहे.

११. खर्चाला पैसा कुठून येतो?

जमिनीखालून. टेक्ससमध्ये व्यक्तिगत प्राप्तिकर नाही, स्थानिक सरकारं मालमत्ता करावर चालतात, आणि जमिनीखालच्या तेल-वायूचा हक्क ही करपात्र मालमत्ता आहे. लव्हिंग काउंटी डेलावेअर बेसिन या तेलसंपन्न पट्ट्याच्या ऐन गाभ्यात असल्यानं उत्पादनात राज्यातल्या आघाडीच्या काउंट्यांत मोडते. लोकसंख्येनं शेवटची आणि उत्पन्नानं तालेवार. पदांसाठी चुरस का असते आणि मतदारयादीवरून भांडणं का होतात (प्र. ८), हे इथे कळतं.

तेलाचा भाव पडला की करही घसरतो. म्हणून चांगल्या वर्षांत साठवणं भाग असतं.

१२. पाणी, शाळा, दवाखाना?

पाणी हे या गावाचं जुनं दुखणं. पेकोसचं पाणी खारट, भूगर्भातलंही बरंचसं तसंच. १९३६ मध्ये पूर्ण झालेलं रेड ब्लफ धरण काउंटीच्या हद्दीवर आहे, पण त्यातलं पाणी पिण्याजोगं नाही. दशकानुदशकं मेंटोननं टँकरचं पाणी प्यायलं. माण-खटाव किंवा जत भागातल्या वाचकाला यातला त्रास वेगळा सांगायला नको.

शाळा १९७२ मध्ये बंद झाली, तेव्हा पटावर दोन मुलं होती. आता मुलं शेजारच्या विंकलर काउंटीतल्या विंक गावी जातात, बसनं एका बाजूचं पन्नासेक किलोमीटर. शाळाजिल्ह्याचं नाव विंक-लव्हिंग असं जोड आहे. (गायक रॉय ऑर्बिसन याच विंकमध्ये वाढला.) गावात हॉस्पिटल नाही. पेकोस (नदीच्याच नावाचं गाव), कर्मिट किंवा थेट ओडेसा गाठावं लागतं.

१३. इतकीच मतं असतील तर पन्नास जणांनी तिथे राहायला जाऊन काउंटी ताब्यात घेता येईल का?

हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. २००० च्या दशकात सरकार कमीत कमी असावं म्हणणाऱ्या एका छोट्या गटानं नेमका हाच प्रयत्न केला आणि तो फसला. जमीन सहज मिळत नाही, पाण्याची अडचण (प्र. १२), आणि आता २०२१ चा कायदाही आडवा येतो (प्र. ८).

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे माणसं राहतात. पन्नास-साठ वर्षं त्या वाऱ्यात आणि धुरळ्यात घर टिकवून ठेवलेल्यांचं गाव कुणाच्या प्रयोगासाठी मोकळं पडलेलं नाही.

१४. ज्युरीला माणसं मिळतात का?

अवघड जातं. मोठ्या गुन्ह्याच्या खटल्याला टेक्ससमध्ये १२ ज्युरर लागतात, आणि आरोपी, फिर्यादी, साक्षीदार यांच्याशी नातं नसलेली बारा माणसं इथे काढणं कठीण. डिस्ट्रिक्ट कोर्ट लव्हिंग, रीव्ह्ज आणि वॉर्ड या तीन काउंट्यांसाठी मिळून एकच, १४३ वं. गरज पडल्यास खटला दुसऱ्या काउंटीत हलवायची सोय कायद्यात आहे.

१५. मग मेंटोन ही अमेरिकेतली सर्वांत लहान काउंटी सीट आहे का?

नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. २०१० आणि २०२० या दोन्ही जनगणनांत सर्वांत कमी लोकसंख्येची *काउंटी* लव्हिंग होती. पण २०१० मध्ये मेंटोनची १९ माणसं असताना नेब्रास्कातल्या ब्लेन काउंटीची सीट ब्रूस्टर १७ वर होती, आणि साउथ डकोटातल्या बफेलो काउंटीची सीट गॅन व्हॅली १४ वर. हवाईची कालावाओ काउंटी लोकसंख्येत लव्हिंगच्या जवळपास आहे, २०२० मध्ये ८२. ती कुष्ठरोग्यांच्या जुन्या वसाहतीची जागा, राज्याचं आरोग्य खातं ती पाहतं, तिथे निवडून आलेलं काउंटी सरकार नाही.

१६. ६४ हा आकडा तरी तंतोतंत धरायचा का?

जवळपासचा धरा. वस्ती इतकी कमी असली की आकड्यांवरून माणूस ओळखता येतो. ‘अमुक वयाची, अमुक वंशाची एकटी बाई’ म्हटलं की ती कोण हे गावाला कळतं. गोपनीयतेसाठी २०२० च्या जनगणनेत राज्याच्या एकूण आकड्याखालच्या लोकसंख्येच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती हालवाहालव केली आहे. मोठ्या काउंटीत ती जाणवत नाही, इथे एकदोन माणसांचाही फरक डोळ्यात भरतो. दोन जनगणनांमधल्या नमुना सर्वेक्षणाचे अंदाज तर इथे खूपच हलतात. कुणी ‘लव्हिंगची लोकसंख्या एका वर्षात दुप्पट’ असं पाठवलं तर आधी तो आकडा मोजणीचा की अंदाजाचा, ते बघा.

१७. ‘लव्हिंग’ नावामागे काही प्रेमकहाणी?

आडनाव आहे. ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचे मोठे कळप शेकडो मैल हाकत नेणारा व्यापारी, गुडनाइट-लव्हिंग ट्रेल त्याच्याच नावाची. १८६७ मध्ये पेकोसकाठी कोमांची लोकांच्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला वारला. त्याचं शव त्याचा धंद्यातला भागीदार गुडनाइट यानं टेक्ससला वेदरफर्ड इथे आणून पुरलं.

१८. बघायला जायचं असेल तर?

मिडलँडला उतरून गाडी घ्या, मुक्काम पेकोस किंवा ओडेसाला. कोर्टहाऊस बघायचं तर कामाच्या दिवशी कचेरीच्या वेळेत जा. पेट्रोल आणि पिण्याचं पाणी कर्मिट किंवा पेकोसलाच भरून घ्या. ट्रकवाल्यांच्या शिफ्टच्या वेळा, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ, टाळा. ओव्हरटेकची घाई करू नका, या रस्त्यांवर फार जीव गेले आहेत.

फोटोसाठी डांबरी सोडून कॅलिचीच्या रस्त्यावर शिरू नका. ते खासगी लीज असतात आणि विहिरींपाशी हायड्रोजन सल्फाइड (एच-टू-एस) हा विषारी वायू असू शकतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की वासच कळेनासा होतो, आणि तेव्हाच तो जीव घेतो. फलकावर ‘एच-टू-एस’ दिसलं की गाडी मागे घ्या.